रूपचंदच्या दुकानातली हळद

३ डिसेंबर, बुधवार

माझी नात रोहिणी तलाठ्याच्या परीक्षेला बसतेय. म्हणाली, आजी, तू दिवसभर बोलतेसच, मी लिहून घेते, माझा हात वळेल. म्हटलं लिही. पण मी बोलते तसं ती लिहीत नाही. माझं 'व्हतं' तिला चालत नाही, त्याचं 'होतं' करते. शिव्या तर गाळतेच. शिव्या गाळल्यावर माझ्यात, या भिमाबाईत उरतं काय, ते तिचं तिला माहीत.

आज स्वराज रजेवर आला. रोहिणीचा थोरला भाऊ. फौजेत आहे, वर सरहद्दीला, थंडीच्या मुलखात. रजा अचानक मिळाली म्हणाला. सुनेनं, हिरानं, लगेच पुरण शिजायला घातलं. पोरगा उंबऱ्यात आला, बॅग टेकवली आणि लांबूनच हात जोडले. पाया पडला नाही. म्हटलं, "साहेब झालास का रं? वाकायची बंदी केली का सरकारनं?" हसला. पण वाकला नाही. असेल, लांबच्या गाडीनं पाठ धरली असेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

भरतीला निघाला तेव्हा मी धामणीला खंडोबाला जाऊन चंपाषष्ठीचा भंडारा आणला होता. माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून पिशवी शिवली आणि त्याच्या गळ्यात घातली. आज बघते तर गळा मोकळा. विचारलं तर म्हणतो, संपला. भंडारा काय बिस्कीट आहे संपायला? तर म्हणे, तुकडीतल्या सगळ्यांनी घेतला. म्हटलं बरं झालं, सगळ्यांनाच राखील देव.

दुपारी उन्हाला बसले होते. गुडघे भरून आलेले, पाय लांब केले आणि त्याला म्हटलं, जरा चेप. लहानपणापासून माझे पाय चेपायचे ते त्यानंच, रोहिणीच्या हातात जोर नाही. (हे तिनं नाक मुरडून लिहिलं.) तर तो उठलाच. शेळीला पाणी दाखवतो म्हणाला. शेळीला मी आत्ताच पाजलं होतं. फौजेत जाऊन माणसाला आजीपेक्षा शेळी मोठी होते, असं दिसतंय.

९ डिसेंबर, मंगळवार

भगवंत आला होता. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालाय, आमच्या निरगुडसरात त्याला सगळे सुभेदारच म्हणतात. मिशीला काळं लावतो, पण मन चांगलं आहे. म्हणाला, स्वराजच्या तुकडीनं तीन दहशतवादी पकडले, पेपरात आलंय, सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात सत्कार करायचा. रजा वाढवून घे म्हणाला. स्वराज ताटावरून उठून बाहेर गेला. भगवंत म्हणाला, खऱ्या जवानाला कौतुक सोसत नाही.

तो गेल्यावर स्वराज परत येऊन बसला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दहशतवादी नव्हते. मेंढरंवाले होते."

माझा मुलगा दत्ता म्हणाला, "जेव आधी."

मग सगळे जेवलो. हिरानं विचारलं, आमटी खारट झालीय का. झाली होती. कोणी सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आमच्याकडं आता मूठभर मेंढरं राहिलीत. माझे मालक सोनबा होते तेव्हा खांड, म्हणजे अख्खा कळप, भरून होती, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचो. आता दत्ता कांदा लावतो आणि मेंढरं माझ्या हट्टापायी दारात. आज नदीच्या अंगाला चारायला मी निघाले, स्वराज मागून आला. बाभळीखाली बसलो. मी काही विचारलं नाही. माणूस आणि मेंढरू, मागं लागलं की लांब पळतं.

मग बोलला. त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. दोन पोरं गेली, त्यातला एक रोज याच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. दुसऱ्या दिवशी यांनी उतारावरचे तीन मेंढपाळ उचलून आणले. हल्लेखोर तिकडून गेले, म्हणजे यांनी बघितले असणार. दोघं तरणे होते, एक म्हातारा. त्यांची भाषा वेगळी, निम्मं यांना कळेना, निम्मं त्यांना. म्हातारा एकच बोलत राहिला. याला नंतर कोणीतरी सांगितलं, तो म्हणत होता माझी मेंढरं वर सुटी आहेत, लांडगा येईल.

पिंपळवंडीचा शौर्य त्याच तुकडीत आहे. दोघं एकाच भरतीत लागले, आमच्याकडं दोनदा जेवून गेलाय, लाजरं पोरगं, तिसरी भाकरी नको म्हणत खातं. तो म्हणाला, सोडा त्याला, म्हातारं आहे. आपल्या बाटलीतलं पाणी त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाला लावलं. तर हवालदारानं त्याला शिवी देऊन खोलीबाहेर घालवला.

मी विचारलं, "आन् तू?"

"मी पाय धरले होते. हलू नये म्हणून."

"म्हंजे तू मारलं न्हाईस."

तो काटकीनं मातीत रेघा ओढत बसला. नसेलच मारलं. वरच्यानं सांगितलं धर, तर पोरगं धरणारच की. मी त्याला तसं म्हटलंही.

सकाळी म्हातारा मेलेला होता.

तेव्हा हवालदारानं याच्या गळ्यातली माझी पिशवी काढली. खोलीत जे जे होते, त्या सगळ्यांच्या तळव्यावर भंडारा ठेवला, बाहेर घालवलेल्या शौर्यच्याही. सगळी आपल्याकडचीच पोरं. म्हणाला, म्हणा, हे खोलीबाहेर जाणार नाही. सगळ्यांनी भंडारा उचलला. आता वर चौकशी लागलीय. मेलेल्याची माणसं रस्त्यावर बसली होती म्हणे. परत गेलं की स्वराजला साहेबासमोर जबाब द्यायचा आहे. रजा कसली, बोलावीपर्यंत घरी बस म्हणून सांगितलंय.

आमच्यात भंडारा उचलला की संपलं. मला आठवतंय तसं कोणी मोडलेला नाही, आणि फार पूर्वी एकानं मोडला त्याचं काय झालं ते मी पोरांना लहानपणी घाबरवायला सांगायची. मीच. आणि भंडाराही माझाच.

१५ डिसेंबर, सोमवार

भगवंतकडं गेले. नाव न घेता विचारलं, सुभेदार, पकडलेल्या माणसाला कसं वागवायचं असतं? खूष झाला, त्याला कोणी विचारत नाही आजकाल. त्यानं सगळं सांगितलं. हत्यार टाकलं की तो आपल्या जबाबदारीवर. पाणी द्यायचं, जखम बांधायची, पांघरूण द्यायचं. त्यानं स्वतः एका कैद्याला आपली कांबळ दिली होती आणि रात्रभर कुडकुडला होता. हे तो दर दिवाळीला सांगतो, पण आज मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

मग म्हटलं, आणि वर्दी नसलेला माणूस असला तर? त्याच्या कांबळीची गोष्ट तिथंच थांबली. म्हणाला, तो कैदी वर्दीतला होता काकी, त्याची गोष्ट वेगळी. म्हटलं, म्हणजे वर्दीतल्याला कांबळ आणि उघड्याला मार? आमच्या खांडात परकं मेंढरू शिरलं तर धनी येईपर्यंत त्याला चारायचो. त्याची लोकरसुद्धा कातरायची नाही, दुसऱ्याची असते म्हणून. मेंढरापुरतं कळत होतं आम्हाला, फौजेला शाळा शिकून कळत नाही का?

भगवंतला उमगलं. दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, तुकडी म्हंजे घर. घरातलं बाहेर काढायचं नसतं. पोराचं वाटोळं करू नका."

चहा पण नाही विचारला मग.

१६ डिसेंबर, मंगळवार

रात्रभर विचार केला आणि आज खोटं बोलले.

स्वराजला शेजारी बसवलं. म्हटलं, तुला एक सांगायचं राहिलं. तू भरतीला गेलास तेव्हा माझा गुडघा सुजला होता, धामणीला जाणं झालंच नाही. कळंबच्या रूपचंद मारवाड्याच्या दुकानातून हळद आणली आणि तीच बांधून दिली. तुझं मन राहावं म्हणून देवाचं नाव घेतलं. तुम्ही उचलली ती आमटीत टाकायची हळद. त्या शपथेला कसला देव अन् कसलं काय.

तो माझ्याकडं बघतच राहिला. विचारलं, "खरं सांगतीस?" म्हटलं, "रूपचंदची शपथ." तेव्हा हसला, आल्यापासून पहिल्यांदा दात दिसले. मग म्हणाला, "म्हंजे काहीबी बोललं तरी चालतंय."

म्हटलं, बोल बाबा, मोकळा हो.

रोहिणी विचारते, खोटं होतं हे लिहू का. लिही. चंपाषष्ठीला उपाशीपोटी दुखऱ्या गुडघ्यानं पायऱ्या चढून आणलेला भंडारा होता तो. मी त्याला आमटीत घातला. देवाला म्हटलं, माझं काय ते माझ्या नावावर मांड, पोराची जीभ सोडव. त्या म्हाताऱ्याचंही कोणी असेल, बाबा कुठं गेला विचारत असेल. त्यांना खरं कळू दे.

१८ डिसेंबर, गुरुवार

बोलावणं आलं, स्वराज गेला. जाताना चांगला खेळकर होता. मला वाटलं होतं भार घेऊन जाईल, तर शीळ घालत गेला. पोराच्या मनावरचं मळभ गेलं की असंच होतं. बोलावणं आल्यापासून हिरा रडतेय. मी तिला आतलं काही सांगितलं नाही. दत्ताला माहीत आहे, असं मला वाटतं. पण तो कांद्यापलीकडं तोंड उघडत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

स्वराजचा फोन आला. जबाब झाला म्हणाला. "सुटलो गं आजी." मी विचारलं, सगळं सांगितलंस? म्हणाला, सांगितलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवला म्हणे. मी देवापुढं गूळ ठेवला आणि नाक घासलं.

संध्याकाळी भगवंत आला, हसत. म्हणाला, शहाणं पोरगं आहे तुमचं, घर राखलं त्यानं. सत्कार आता धूमधडाक्यात. मला साडी-नारळ द्यायचं ठरलंय. मला जरा नवल वाटलं. खरं बोलला म्हणून हाच तर नाक मुरडणार होता. पण म्हातारा माणूस, उशिरा का होईना, सुधारला असेल. म्हटलं, साडी अंजिरी रंगाची आणा, हिरवी मला मेल्यासारखी दिसते.

१५ जानेवारी, गुरुवार

आज शौर्यची आई नंदा आली. पिंपळवंडीहून एसटीनं, तिळगूळ घेऊन. वाण नाही, हळदकुंकू नाही, नुसता तिळगूळ रुमालात. विधवा बाई आहे, एकटं पोरगं. पाणी दिलं तर पेला हातात धरून बसली.

म्हणाली, शौर्यला कोंडून ठेवलंय. जबाबात आलंय म्हणे, की म्हाताऱ्याजवळ शेवटी तोच एकटा होता, त्यानंच मारलं. तीन पोरांनी तसंच सांगितलं. शौर्य काही बोलत नाही. साहेबाला नाही, वकिलाला नाही. आईला फोनवर एवढंच म्हणाला की आई, मी भंडारा उचललाय.

"आत्या, तुमचा स्वराज त्याच्याबरोबर होता," नंदा म्हणाली. "त्याला म्हणावं एक शब्द बोल. तो बोलला तर माझं पोरगं सुटतंय."

तिला माहीत नव्हतं. हात जोडून बसली होती आणि तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बोलते त्याच्याशी. तिच्या पदरात हिरानं चार लिंबं घातली. ती गेली, शेवटची एसटी पकडायची होती.

मी रोहिणीला फोन लावायला सांगितला. विचारलं, "जबाबात कुणाचं नाव घेतलंस?"

स्वराज म्हणाला, "पहिल्यापासून ठरलं होतं तसं. कुणाचं तरी जायलाच पायजे होतं. मला भीती होती ती भंडाऱ्याचीच. हवालदार म्हणत होता शौर्यचं नाव सांगा, मी म्हणायचो, भंडारा उचललेल्या माणसाचं नाव कसं घेऊ. तूच म्हणालीस की आजी, हळद होती."

मी म्हटलं, "रांडच्या, तुझ्या तोंडात..."

(इथं पुढचं रोहिणीनं गाळलंय. गाळू दे. आज मला त्याच्यापेक्षा मोठी शिवी ठाऊक नाही.)

मग मी त्याला सांगितलं की भंडारा खरा होता. धामणीचा होता, मी खोटं बोलले. तो म्हणाला, "आता काय उपयोग." आणि नेटवर्क गेलं, असं रोहिणी म्हणाली.

माझं डोकं चालत नाही. मी एकाची जीभ सोडवली, आणि जो खरं बोलला असता त्याच्या जिभेवर माझाच भंडारा बसलाय.

१७ जानेवारी, शनिवार

मी दत्ताला म्हटलं, पिंपळवंडीला जायचंय. तो म्हणाला, कशाला? म्हटलं, नंदाला सांगायला. पाणी तिच्या पोरानं दिलं आणि पाय आपल्यानं धरले.

दत्ता कधी नाही तो ओरडला. नातू आहे तुझा. चार शब्द मेंढरामागं बोलला ते जगाला सांगणार? फौज सोडेल का त्याला? नोकरी जाईल, तुरुंगात जाईल. लग्नाची बोलणी आलीत कुठं-कुठं. कोणत्या आईनं असं केलंय? मी म्हटलं, आई हिरा आहे, मी आजी, मला सवलत आहे. कोणी हसलं नाही.

हिरानं माझं ताट वाढलं नाही. मी घेतलं हातानं. भगवंतही येऊन गेला. त्यानं समजावलं की ऐकीव गोष्टीला तिकडं काही किंमत नसते, म्हातारी बाई म्हणेल ते कोण धरतंय, उगीच दोन्ही घरं जातील. असेलही. मी त्याला विचारलं, ती कांबळ तू खरंच दिली होतीस का रे? त्याला राग आला. मिशी थरथरली. मला वाटतं दिली असावी.

१८ जानेवारी, रविवार

रोहिणी माझ्याबरोबर आली. घरात न सांगता. मंचरपर्यंत वडापची जीप, तिथून नारायणगाव, मग पिंपळवंडी. नंदा अंगणात चवळीच्या शेंगा सोलत होती. बसा म्हणाली. बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, नदीकाठी ऐकलं तसं, मी हळदीचं काय केलं तेही.

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती शेंगा सोलत राहिली. मग तिनं विचारलं, "पाणी दिलं, नक्की ना?" म्हटलं नक्की. "बाटलीनं का ओंजळीनं?" म्हटलं, बाटलीनं म्हणाला. परत म्हणाली, पहिल्यापासून सांगा. मी पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत होती, जशी पोराच्या जन्माची हकीकत ऐकावी. तिसऱ्यांदा मात्र मला सांगवेना.

मग तिनं टोपली बाजूला ठेवली. "साहेबासमोर म्हणाल हे? सख्ख्या नातवाच्या विरुद्ध?"

मी म्हटलं, "विरुद्ध कुणाच्या न्हाई. तो म्हातारा मेंढरं वर सोडून मेला, त्याच्या बाजूनं बोलायला हितं दुसरं कोण हाय?"

तिनं चहा टाकला. आम्ही प्यायलो. तिच्या घरातली साखर गोडच होती, काय सांगू.

२२ जानेवारी, गुरुवार

दत्ता माझ्याशी बोलत नाही. माझं अंथरूण मेंढरांच्या छपरात टाकलंय. तिथं ऊब आहे आणि कोणी उपदेश करत नाही. सत्कार व्हायचा तसा होणार आहे, स्वराजला रजा मिळाली. साडी माझ्याऐवजी हिराला देणार. हिरवी आणलीय म्हणे.

मंचरच्या वकिलानं नंदाकरवी सांगितलं की म्हातारीचा जबाब लिहून, अंगठा घेऊन पाठवा. किंमत होईल न होईल, साहेबाच्या टेबलावर तर ठेवू. भाषा साधी चालेल, मराठीच लिहा, घरातलं कोणी लिहिलं तरी चालेल.

घरातलं लिहिणारं कोण आहे? एकटी रोहिणी.

आज दुपारी छपरात बसलो. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. गाडीवरचा हल्ला, तीन मेंढपाळ, पाणी कोणी दिलं. पुढं आलो तसा तिचा हात थांबला. म्हणाली, "आजी, पाय धरले इथं दादाचं नाव लिहायचं?"

तोच एक भाऊ आहे तिचा. शाळेत असताना तिला सायकलवर डबलसीट न्यायचा. म्हटलं, लिही. पूर्ण लिही, बापाच्या नावासकट.

ती बराच वेळ कागदाकडं बघत होती. मग लिहिलं. लहान नाव होतं का मोठं, मला कळलं नाही. पेन चालताना दिसलं, थांबताना दिसलं. मी म्हटलं, कुठं लिहिलंस दाखव. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. काळ्या मुंग्या चालल्यात तशी ओळ. शौर्य कसा लिहितात आणि स्वराज कसा लिहितात, मला काय ठाऊक. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती.

मी अंगठा उठवला. तिनं कागदाची घडी केली, पाकिटात घातली आणि पाकीट चिकटवलं. पोस्टात टाकून आली.

आता हेही तीच लिहितेय. मी बोलते तसं लिहितेय का, देव जाणे.